हेक्टरी ७५ किलो

प्रस्तावना

एक हेक्टर टोमॅटो लावायला संकरित वाणाचं बियाणं लागतं शंभर ते दीडशे ग्रॅम. सदऱ्याच्या खिशात मावेल एवढं. बाजरीला हेक्टरी तीन-चार किलो पुरतं. सोयाबीनला मात्र ७५ किलो लागतं, गव्हाला शंभर ते सव्वाशे, आणि भुईमुगाचे दाणेही जवळपास शंभर किलो. दुकानात गेल्यावर आपण वाणाचं नाव विचारतो, कंपनी विचारतो, भाव विचारतो. वजन आठवतं ते पिशव्या ट्रॅक्टरमध्ये टाकताना. पण ते बियाणं कोण तयार करील, किती दुरून आणलं जाईल, त्यात पैसा कुणाला मिळेल आणि उगवलं नाही तर मार कुणाला बसेल, यातलं बरंच काही या वजनावरच ठरतं. विकसनशील देशांतल्या बियाण्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात नव्या वाणांची चर्चा भरपूर असते. क्विंटल आणि ट्रकांचा हिशेब क्वचितच सापडतो. हे पुस्तक त्या हिशेबाचं आहे, म्हणून प्रस्तावना लिहायला मी लगेच होकार दिला.

पुस्तक लिहिणारी मंडळी माझी जुनी सोबती. कृषी पदवीनंतर विदर्भ-मराठवाड्यात बीजोत्पादनाचे प्लॉट तपासत आम्ही एकत्र फिरलो. पुढे मी कुवेतला आलो. एगैलात घर केलं आणि वफ्राच्या ग्रीनहाऊसना लागणारं साहित्य पुरवण्याच्या कामाला लागलो. ते मात्र तिथेच राहिले, प्लॉटवर, प्रक्रिया केंद्रांत, गोदामांत. पुस्तकातला अनुभव त्यांचा आहे. मला इथे बसून दिसतं ते थोडं वेगळं आहे, आणि तेच सांगण्यासाठी त्यांनी मला ही पानं दिली आहेत.

कुवेतमध्ये वर्षाला पाऊस पडतो सरासरी शंभर-सव्वाशे मिलिमीटर. आपल्याकडे सोयाबीन पेरायच्या आधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या म्हणतात; म्हणजे आपला पेरणीपुरता पाऊस तो यांचा जवळजवळ वर्षाचा. २१ जुलै २०१६ रोजी इथल्या मित्रिबा केंद्रावर ५३.९ अंश तापमान नोंदवलं गेलं. तरीही दक्षिणेला सौदीच्या सीमेलगत वफ्रा आणि उत्तरेला इराकच्या सीमेलगत अब्दली या दोन पट्ट्यांत शेती होते. काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि पालेभाज्या पिकतात. उन्हाळा ओसरू लागला की रोपवाटिकांची गडबड सुरू होते. काकडीचं बियाणं इथे वजनावर येत नाही, नगावर येतं: एका पाकिटात हजार बिया. ट्रेच्या प्रत्येक कप्प्यात एकच बी, बोटाने हलकं दाबून बसवलेलं. कामगार मोजून पाकीट फोडतो आणि उरलेलं पाकीट घडी घालून पुन्हा वातानुकूलित खोलीत ठेवतो. एक बी वाया गेलं तर मुकादम विचारतो. बहुतेक सगळं बियाणं आयात केलेलं, आणि विमानाने आणलं तरी परवडतं, कारण हजार बिया हातावर घेतल्या तर जाणवतही नाहीत.

सांगायचा मुद्दा असा की हलक्या बियाण्यावर बाहेरून अवलंबून राहता येतं. पैसा आहे, वीज आहे, थंड खोली आहे आणि गरज किलोभराची आहे, अशा देशाला स्वतःचं बीजोत्पादन नसलं तरी भाजी पिकवता येते. हे पाहून आपल्याकडचे काही सुशिक्षित लोक म्हणतात, मग आपणही चांगलं बियाणं बाहेरूनच का आणू नये? काकडीच्या बाबतीत हा प्रश्न निदान विचारता येतो. सोयाबीनच्या बाबतीत तो विचारताच येत नाही, आणि का ते पुढे आकड्यांत दिसेल.

त्याआधी हलक्या बियाण्यात महाराष्ट्राने काय कमावलं ते सांगायला हवं, कारण त्याचा मला अभिमान आहे. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ मध्ये महिको उभी केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा हा भाग बियाण्याचं केंद्र झाला तो याच कोरड्या हवेमुळे: फुलोऱ्यात आणि बी पक्व होताना पाऊस नको असतो, आणि तो तिथे फारसा नसतो. आज जालना आणि शेजारच्या देऊळगाव राजा भागात शेडनेटखाली टोमॅटो, मिरची, काकडी यांचं संकरित बीजोत्पादन चालतं. तिथल्या बाया सांगतात, ‘क्रॉसिंगला जाते.’ टोमॅटो-मिरचीत मादी ओळीतली उमलायच्या बेतातली कळी चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर अलगद काढून टाकायचे, मग नर ओळीतल्या फुलांचा गोळा केलेला पराग स्त्रीकेसराच्या टोकाला लावायचा आणि त्या फुलाला खूण करायची. चिमटा जरा खोल गेला तर फळ धरत नाही. पुंकेसर अर्धवट राहिला तर स्वतःचाच पराग पडतो आणि अख्ख्या लॉटच्या शुद्धतेवर डाग येतो. अशी हजारो फुलं हंगामभर. जगातल्या कुठल्याही देशाचं नाव छापलेला डबा असो, आतल्या बियाण्याचं परागीभवन पुष्कळदा भारत, चीन, थायलंड अशा देशांतल्या बायांच्या बोटांनी झालेलं असतं. वफ्रात पाकीट फोडताना मला ही बोटं आठवतात. या कौशल्याला मजुरी किती मिळते हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे, आणि ते पुस्तक कुणीतरी लिहिलं पाहिजे.

हलकं बियाणं महाग विकता येतं, संकरित असेल तर दरवर्षी विकता येतं, आणि वाहतूक नगण्य. म्हणून तिथे कंपन्या आहेत, संशोधन आहे, स्पर्धा आहे. जड बियाण्याचं सगळं उलट. सोयाबीन, गहू, हरभरा, भुईमूग ही पिकं स्वतःच्याच परागाने फलित होतात. शेतकऱ्याने घरचा दाणा ठेवला तरी वाण तोच राहतो. त्यामुळे दरवर्षीचं गिऱ्हाईक नाही. नफा पातळ, गोदाम मोठं, हमाली जास्त. खाजगी भांडवल इथे सोयीपुरतं येतं आणि हंगाम बिघडला की अंग काढून घेतं. त्यात कुणाचा दुष्टपणा शोधायची गरज नाही. हिशेबच तसा आहे. पण जिथे हिशेब असा असतो तिथे सरकारने, सहकाराने आणि गावाने पुढे व्हावं लागतं.

आपल्या देशाला हे एकेकाळी नीट कळलं होतं. राष्ट्रीय बीज निगम १९६३ मध्ये स्थापन झालं, बियाणे कायदा १९६६ मध्ये झाला. त्याच १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं जहाजांनी आलं. त्या काळापर्यंत एका देशाने विकत आणलेलं बियाण्याचं ते सर्वांत मोठं प्रमाण होतं. लेर्मा रोजो, सोनोरा ६४ ही नावं तेव्हा उत्तरेतल्या खेड्यांत पोचली. लोक या जहाजांची कहाणी सांगतात आणि तिथेच थांबतात. खरी कामगिरी जहाज रिकामं झाल्यावर सुरू झाली. हेक्टरी शंभर किलो धरलं तर १८ हजार टनांत एक लाख ऐंशी हजार हेक्टरच पेरले जातात. पुढच्या हंगामांत ते लाखो हेक्टरवर गेलं ते शेतकऱ्यांनी वाढवलं, राखलं, शेजाऱ्याला दिलं म्हणून. दिल्लीजवळच्या जौंती गावात कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने बीजग्राम उभं राहिलं होतं. गावच बियाण्याचा कारखाना. १९६४-६५ मध्ये देशात १ कोटी २३ लाख टन गहू पिकला होता, १९६७-६८ मध्ये तो १ कोटी ६५ लाख टनांवर गेला. समुद्रापलीकडून जड बियाणं एकदा आणता येतं, मूठ म्हणून. दरवर्षी आणता येत नाही.

आणि एकदा आणतानाही काय होऊ शकतं, ते मी राहतो त्याच्या शेजारीच घडलं. कुवेतची उत्तर सीमा ओलांडली की तासाभरात बसरा येतं. दुष्काळाने होरपळलेल्या इराकने १९७१ मध्ये मेक्सिकन गव्हाचं बियाणं मोठ्या प्रमाणात मागवलं, सोबत जवही. बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथाइल पाऱ्याची प्रक्रिया केलेली होती. बसरा बंदरात ते पोचलं तेव्हा अनेक भागांत पेरणी उरकून गेली होती. पोत्यांवरच्या सूचना स्पॅनिश आणि इंग्रजीत. शेतकऱ्यांच्या घरात भुकेचे दिवस आणि दारात रंगवलेला गहू. काहींनी तो धुतला. रंग गेला, म्हणजे विष गेलं असं त्यांना वाटलं. काहींनी आधी कोंबड्या-मेंढ्यांना घालून पाहिला. काही दिवस त्यांना काही झालं नाही, म्हणून भाकरी केली. पाऱ्याचा परिणाम दिसायला आठवडे लागतात. अधिकृत आकड्यांनुसार ६,५३० माणसं रुग्णालयांत दाखल झाली आणि ४५९ दगावली. खरा आकडा याहून बराच मोठा असावा, असं नंतरच्या अभ्यासकांचं मत आहे. हे बियाणं जातिवंत होतं. त्याच्या वाणात काही खोट नव्हती. ते उशिरा आलं, अनोळखी भाषेत आलं आणि गावापर्यंत पोचवणाऱ्या माणसाशिवाय आलं. बियाण्याच्या पुरवठ्याबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग वाचलेला असावा, असं मला कळकळीने वाटतं. आपल्याकडेही प्रक्रिया केलेलं शिल्लक बियाणं मोंढ्यावर धान्य म्हणून जाऊ नये, याची काळजी याच कारणासाठी घ्यायची असते.

आता आपल्या सोयाबीनकडे येतो. महाराष्ट्रात अलीकडे सोयाबीनचं क्षेत्र सुमारे ५० लाख हेक्टर आहे. हेक्टरी ७५ किलोने एकूण बियाणं लागतं साडेसदतीस लाख क्विंटल. दरवर्षी सगळंच नवं घ्यायची गरज नसते. तीन वर्षांतून एकदा बदललं तरी चालतं. म्हणजे दर हंगामाला साधारण १३ लाख क्विंटल प्रमाणित बियाणं हवं. सोयाबीन एकाचं सोळा होतं असं बीजोत्पादनात धरतात. बाजरीत हे प्रमाण एकाला दोनशे आहे, भुईमुगात एकाला आठ. तर १३ लाख क्विंटल प्रमाणित बियाण्यासाठी आदल्या वर्षी ८१ हजार क्विंटल पायाभूत बियाणं, आणि त्याच्या आदल्या वर्षी पाच हजार क्विंटल पैदासकार बियाणं. पिवळा टॅग, मग पांढरा टॅग, मग निळा टॅग, असा हा तीन पिढ्यांचा प्रवास. शेवटच्या पायरीला एक लाखाहून जास्त हेक्टरवर बीजोत्पादनाचे प्लॉट लागतात, आणि तयार माल दहा टनी ट्रकांत भरला तर १३ हजार ट्रक होतात. हे ट्रक जूनच्या आधी गावोगाव पोचायचे. या साखळीत मागे कुठे एका वर्षी कमी पडलं की त्याचा फटका दोन वर्षांनी बसतो, आणि तेव्हा कुणाला आठवतही नाही की चूक कधीची.

नवी वाणं शेतावर पोचायला एवढा उशीर का होतो, याचं उत्तर या गणितात आहे. जबलपूरचं जेएस ३३५ अधिसूचित झालं १९९४ मध्ये. त्याच्यानंतर परभणीच्या विद्यापीठाने एमएयूएस मालिकेतली वाणं दिली, राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्राने फुले संगम आणि फुले किमया दिली, अकोल्याच्या विद्यापीठानेही दिली. आपल्या शास्त्रज्ञांनी हात आखडला नाही. पण वाण जाहीर झाल्याच्या बातमीपासून ते गावच्या कृषी सेवा केंद्रात पुरेशा पिशव्या येईपर्यंत एकाचं सोळा, सोळाचं अडीचशे असा धीमा चढ चढावा लागतो, आणि त्या चढावर प्रत्येक हंगामी कुणीतरी शेतकऱ्याने जोखीम घ्यावी लागते. १९७६ मध्ये अकोल्याला महाबीज स्थापन झालं ते याच कामासाठी. या महामंडळावर टीका करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पण जड बियाण्याचा भार राज्यात इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी एवढा उचललेला नाही, हे म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मूळ अडचण दाण्यातच आहे. ज्वारी-गव्हाचा दाणा टणक. सोयाबीनची साल पातळ, आणि अंकुर त्या सालीखाली अगदी लगेच, जणू कागदाखाली ठेवलेला. दाण्यात सुमारे वीस टक्के तेल. असं बियाणं लवकर म्हातारं होतं. ऑक्टोबरात काढणीच्या वेळी परतीचा पाऊस गंजीवर पडला, की दाणा फुगतो, वाळतो, पुन्हा फुगतो, आणि साल बारीक चिरते. मग मळणी यंत्र. मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेऱ्यांवर ते चालवलं तर दाणा निभावतो. पण भाड्याचं यंत्र तासावर चालतं, चालकाला पुढच्या खळ्यावर जायचं असतं, तो वेग वाढवतो. पोती ट्रकवरून खाली टाकली जातात. गोदामात थप्पी सात फुटांच्या वर चढते आणि खालच्या पोत्यातला दाणा दबतो. नंतर एप्रिल-मे, अकोला-वाशिमचा ४४-४५ अंशांचा उन्हाळा, पत्र्याचं छप्पर. बियाण्याच्या शास्त्रात एक जुना ठोकताळा आहे: दाण्यातला ओलावा एका टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. पत्र्याखाली हे गणित उलट्या बाजूने चालतं. दिसायला दाणा पिवळाधमक, आतून मेलेला.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसाने काढणीला आलेलं सोयाबीन झोडपलं, आणि २०२० च्या जूनमध्ये राज्यभरातून न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. दुबार पेरणीचा खर्च, वाया गेलेला वाफसा, हातातून निसटलेले पंधरा दिवस, या नुकसानीची भरपाई कुठल्याच निकालाने पूर्ण होत नसते. त्या काळात दोष कुणाचा यावर भरपूर वाद झाला. काही ठिकाणी खरोखर फसवणूक झाली असेल, तिला शिक्षा झालीच पाहिजे. पण फसवणूक पूर्णपणे थांबली तरीही २०१९ सारखा ऑक्टोबर पुन्हा येईल आणि दाणा पुन्हा मरेल. या पुस्तकाचा सगळा भर त्या ऑक्टोबरवर आहे, जूनवर नाही. मला हेच त्याचं मोठेपण वाटतं.

म्हणून वाचकांनी काढणी-मळणी-साठवण हे प्रकरण आधी वाचावं, वाणांचं नंतर. बियाण्यासाठी राखलेला तुकडा वेगळा कापा. पावसाचा अंदाज असेल तर ताडपत्री आधी आणा. ओलावा बारा टक्क्यांच्या आत आल्याशिवाय पोतं शिवू नका. प्लास्टिकची पोती टाळा. फुलोऱ्यात शेतात फिरून भेसळ उपटा. जेएस ३३५ ला जांभळी फुलं येतात, त्या शेतात पांढरं फूल दिसलं तर ते झाड तिथलं नव्हे. या गोष्टी कृषी विभाग वर्षानुवर्षं सांगतो आहे. इथे त्या का करायच्या याचं कारण प्रत्येक ठिकाणी दिलेलं आहे, आणि कारण कळलं की माणूस स्वतःच्या परिस्थितीत मार्ग काढतो.

उगवण तपासायची घरगुती पद्धत तर मी वफ्राच्या रोपवाटिकेतही वापरतो. पोत्यातून वरचे, मधले, तळाचे असे दाणे काढायचे. निवडून चांगले घ्यायचे नाहीत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. रोज पाणी शिंपडायचं. आठवड्यात उघडायचं. कोंब आलेले सगळे मोजायचे नाहीत. ज्याचं मूळ सरळ, ज्याची दोन्ही बीजदलं शाबूत, तेवढेच. तुटक्या मुळाचा दाणा गोणपाटावर कोंब दाखवतो आणि शेतात मातीखालीच संपतो. सत्तर निघाले तर एकरी ३० किलो. सत्तरच्या खाली एकेका टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवायचं. साठच्या खाली गेलं तर ते बियाणं नाही, धान्य आहे. शंभर दाणे आणि गोणपाटाचा तुकडा एवढ्यावर जूनमधलं मोठं नुकसान टळतं. तरी हे करणारी घरं थोडीच आहेत, कारण दुकानाच्या पिशवीवर लोकांचा विश्वास आहे आणि घरच्या पोत्याची त्यांना लाज वाटते. ही लाज कुणीतरी घालवली पाहिजे. घरचं बियाणं ठेवणं, पेरणं, देणं-घेणं आणि ब्रँडचं नाव न लावता विकणं हा २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपल्याला दिलेला हक्क आहे.

इथे दोन माणसांची आठवण काढतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या भाताच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडल्या, वर्षामागून वर्षं राखल्या, आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. तो तांदूळ कितीतरी राज्यांत पिकला. दादाजी २०१८ मध्ये गेले ते हलाखीतच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याची, भाज्यांची गावठी बियाणी राखून वाटली. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दोघांचं काम आपण कौतुकाने सांगतो. पण देशी विरुद्ध संकरित असा जो वाद त्यांच्या नावाने घातला जातो, त्यात मला रस नाही. दोघांनी मुळात एकच काम केलं: निवडलं, वेगळं ठेवलं, वाळवलं, जपलं, दिलं. सोयाबीनच्या बीजोत्पादकालाही नेमकं हेच करायचं असतं, फक्त क्विंटलांत.

त्या बीजोत्पादकाबद्दल थोडं रागाने लिहितो. त्याच्या शेतावर तपासणी होते, त्याला जादा मजूर लागतात, माल प्रक्रिया केंद्रावर स्वतः न्यावा लागतो, चाळणीत एक वाटा उडतो, नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि निकाल येईपर्यंत पैसे अडकून राहतात. लॉट नापास झाला तर तेच सोयाबीन धान्याच्या भावाने, तेही मोंढ्यातली तेजी निघून गेल्यावर. इतकं करून जादा किती पदरात पडतं? ज्या वर्षी दिवाळीत बाजारभाव चढतो, त्या वर्षी शहाणा शेतकरी बियाण्याचा माल सरळ मोंढ्यावर घालतो, आणि पुढच्या जूनला राज्यात टंचाई. याला कुणी शेतकऱ्याचा बेइमानपणा म्हणू नये. उगवण ७० निघाली काय आणि ८५ निघाली काय, भाव एकच असेल, तर जपून मळणी करणाऱ्याला जपण्याचा मोबदला मिळतच नाही. उगवणीच्या टक्क्याप्रमाणे चढता दर द्यावा आणि मोठा हप्ता माल पोचताच द्यावा, ही या पुस्तकातली मागणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. २०२३ पासून केंद्राची ‘साथी’ नावाची संगणकीय व्यवस्था आली आहे. पिशवीवरचा क्यूआर कोड सांगतो की बियाणं कुठल्या प्लॉटवरून आलं. चांगलंच आहे. बोगस लॉटला त्याने आळा बसेल. पण ते पोतं ट्रकवरून किती उंचीवरून आपटलं हे कोड सांगत नाही. ते उतरवणाऱ्या हमालाला शिकवावं लागतं आणि त्याचे दोन पैसे वाढवावे लागतात.

उन्हाळी सोयाबीनबद्दल पुस्तकात सावधपणे लिहिलं आहे, ते योग्यच. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी जानेवारीत पेरून मे महिन्यात ताजं बियाणं काढायचं, ही कल्पना २०२० नंतर राज्यात जोर धरू लागली. परतीच्या पावसाची भीती नाही, आणि सहा-सात महिने पत्र्याखाली ठेवणंही नाही. पण दाणा भरताना ऊन वाढतं, बी बारीक राहतं, उतारा कमी येतो, आणि पाणी तर लागतंच. खरीप बुडालं तर हाताशी राखीव म्हणून काही गावांनी ते करावं. सगळी भिस्त त्यावर ठेवू नये. टोकण यंत्राने पेरून एकरी बियाणं निम्म्याच्या आसपास आणणं हा त्याहून सोपा मार्ग आहे. साडेसदतीस लाख क्विंटलांचं ओझं कमी करायचं असेल तर नवं बियाणं निर्माण करण्याइतकंच आहे ते कमी लागेल असं पेरणंही कामाचं.

शेवटी माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे गावात जमीन असलेल्या आणि बाहेर नोकरी करणाऱ्यांसाठी. एगैला, महबूला, फिंतास या भागांत राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांची शेती लातूर, बुलढाणा, यवतमाळकडे भाऊ किंवा वाटेकरी पाहतात. जून उजाडला की फोन येतो, ‘पिशव्या घ्यायच्यात, पैसे धाडा,’ आणि आपण धाडतो. एकदा तेच पैसे ऑक्टोबरात धाडून पाहावेत. चांगल्या दोन ताडपत्र्या, ओलावा मोजायचं छोटं यंत्र, मळणीवाल्याने यंत्र सावकाश चालवावं म्हणून तासाला वाढवून दिलेले पैसे, आणि पोती जमिनीपासून वर ठेवायला लाकडी फळ्या, एवढाच खर्च आहे, आणि मळणीचे जादा पैसे सोडले तर तो दुसऱ्या वर्षी पुन्हा करावा लागत नाही. चार-पाच भावकीतल्या घरांनी मिळून केला तर ओलावामापक आणि फळ्या सामायिक राहतील. या पुस्तकाच्या परिशिष्टात त्याची यादी दिली आहे. ती तशीच गावच्या भावाला पाठवता येईल.

पुस्तक अक्षय्य तृतीयेच्या आधी लोकांच्या हातात पडावं अशी माझी लेखकांना विनंती आहे. गोणपाटावर दाणे मांडून निकाल यायला आठवडा जातो, आणि तो साठच्या खाली आला तर मृगाआधी दुसरं बियाणं शोधायला निदान महिना हाताशी लागतो.

एगैला, कुवेत